घड्याळ चालवू नका, संपायची वेळ लिहून ठेवा: मोबाईल ॲपमधला बॅकग्राउंड टायमर

टायमर असलेलं ॲप टेबलावर अगदी बरोबर चालतं आणि माणसाच्या खिशात गेलं की बिघडतं. गेली काही वर्षं मी शेतकऱ्यांसाठी ठिबकचे टायमर बनवतो. नव्या मुलांचा कोड बघायला घेतला की तीच चूक पुन्हा समोर येते: ॲपच्या आत एक घड्याळ सुरू केलेलं असतं आणि दर सेकंदाला आकडा एकाने कमी होत असतो. स्क्रीन चालू असेपर्यंत हे ठीक दिसतं. स्क्रीन बंद झाली की फोन झोपतो, आणि त्याच्याबरोबर तुमचं घड्याळही.

माझ्या पहिल्या आवृत्तीत मीही हेच केलं होतं. शिरपूर तालुक्यात तापीकाठी आमच्या नानांची केळी आहे. थ्री-फेज लाईट रात्रीच्या पाळीला होती. नानांनी अकरा वाजता पहिल्या प्लॉटचा व्हॉल्व उघडला, ९० मिनिटांचा टायमर लावला, फोन बाजेवर उशाशी ठेवला आणि डोळा लागला. पहाटे पाचला उठून बघतात तर पाणी अजून पहिल्याच प्लॉटमध्ये, आणि फोनवर '५२ मिनिटे बाकी'. सकाळी त्यांचा फोन आला, "तुना अलार्म वाजनाच नही रे भाऊ." बाकीचे प्लॉट कोरडे राहिले आणि लाईट पुन्हा संध्याकाळपर्यंत नव्हती.

पुढची उदाहरणं याच कामाची आहेत. पण परीक्षेचा टायमर असो, औषधाच्या वेळेचा असो की भट्टीचा, पायऱ्या याच आणि क्रमही हाच. भर अँड्रॉइडवर आहे, कारण आपल्याकडे शेतात तोच फोन असतो.

## सुरुवातीआधी: तीन गोष्टी जवळ हव्यात

पहिली, किमान दोन खरे फोन. त्यातला एक स्वस्तातला, बॅटरी वाचवण्याची स्वतःची सेटिंग्ज असलेला. एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) टायमरची खरी परीक्षा होत नाही.

दुसरी, एका प्रश्नाचं स्पष्ट उत्तर: वेळ चालू असताना ॲपला खरंच काही काम करायचं आहे का, की फक्त शेवटी वाजायचं आहे? ब्लूटूथने पंपाचा कंट्रोलर सतत वाचायचा असेल तर फोरग्राउंड सर्व्हिस (नोटिफिकेशन दाखवत मागे चालू राहणारा ॲपचा भाग) लागते. नुसतं वाजायचं असेल तर वाट बघण्यासाठी काहीही चालू ठेवायची गरज नाही. दहापैकी नऊ ॲप दुसऱ्या प्रकारातली असतात, आणि तरीही त्यातली बरीचशी सर्व्हिस चालू ठेवून बॅटरी खात बसतात.

तिसरी गोष्ट म्हणजे सर्व्हरच्या भरवशावर न राहण्याची तयारी. वेळ झाली की सर्व्हरवरून पुश पाठवू, असा विचार पहिल्यांदा सगळ्यांच्याच डोक्यात येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात किंवा विहिरीवरच्या शेडमध्ये नेटवर्क जातं, आणि त्याबरोबर पुशही. टायमर फोनमध्येच पूर्ण झाला पाहिजे.

## पायरी १: संपायचा क्षण काढा आणि आधी साठवा

'किती बाकी' हे कधीच साठवू नका. साठवायचं ते 'कधी संपणार'. बाकी वेळ ही दर वेळी वजाबाकी करून काढायची गोष्ट आहे.

कोणत्या घड्याळाने मोजायचं, इथे बहुतेक जण घसरतात. अँड्रॉइडमध्ये तीन घड्याळं आहेत:

- करंट-टाइम-मिलिस: भिंतीवरच्या घड्याळासारखं. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये वेळ बदलली की हेही बदलतं.
- अपटाइम-मिलिस: फोन गाढ झोपला की हे थांबतं. हँडलरची (ॲपच्या आत कामं रांगेत लावणारा भाग) 'इतक्या वेळाने चालव' ही सोय याच घड्याळावर आहे.
- इलॅप्स्ड-रिअलटाइम: फोन सुरू झाल्यापासूनचा सगळा वेळ, झोपेसकट. वेळ बदलली तरी यावर परिणाम नाही. रीबूट झाल्यावर मात्र पुन्हा शून्यापासून.

नानांच्या फोनवर दोन वेगळे दोष एकत्र झाले होते आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. मी स्वतः एक-एक सेकंद वजा करत होतो, म्हणून आकडा चुकला. वजाबाकी हँडलरवर होती, म्हणून अलार्मही वाजला नाही. अँड्रॉइडचा तयार काउंटडाउनटायमर घेतला तर पहिला दोष जातो, कारण तो बाकी वेळ इलॅप्स्ड-रिअलटाइमने काढतो. दुसरा दोष मात्र तसाच राहतो: त्याचा पुढचा ठोकाही हँडलरमार्फतच येतो, म्हणून फोन जागा होईपर्यंत तो वाजत नाही.

म्हणून प्रत्येक टायमरसाठी तीन आकडे साठवा: भिंतीच्या घड्याळाने संपायची वेळ, इलॅप्स्ड-रिअलटाइमने संपायची वेळ आणि त्या क्षणीचा बूट-काउंट. बूट-काउंट म्हणजे फोन आजवर किती वेळा सुरू झाला तो आकडा. अँड्रॉइड ७ पासून तो सिस्टिमच्या ग्लोबल सेटिंग्जमध्ये मिळतो. वाचताना बूट-काउंट तोच असेल तर इलॅप्स्डवर विश्वास ठेवा. बदललेला असेल तर मध्ये फोन बंद होऊन चालू झाला आहे, तेव्हा भिंतीची वेळ धरा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी डिस्कवर लिहा, मग अलार्म लावा. ठिबकवर व्हॉल्व बदलताना आपण आधी पुढचा उघडतो आणि मग मागचा बंद करतो. उलटं केलं तर दाब वाढून पाईप फुटतो. इथेही तसंच. अलार्म लागला आणि नोंद होण्याआधी ॲप मेलं, तर वाजल्यावर कोणत्या प्लॉटचं ते सांगायला काहीच उरत नाही.

तपासा: टायमर लावा, ॲप अलीकडच्या यादीतून सरकवून काढा, पाच मिनिटांनी उघडा. बाकी वेळ पाच मिनिटांनी कमी दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: परवानग्या, टायमर लागण्याआधी

रात्री अलार्म वाजायच्या क्षणी परवानगी नव्हती असं कळून काही उपयोग नाही. 'सुरू करा' दाबताच, पण टायमर लागायच्या आत, या गोष्टी बघा.

नोटिफिकेशनची परवानगी: अँड्रॉइड १३ पासून ती वापरणाऱ्याला विचारावी लागते. ती नाकारली असेल तर टायमर लावूच देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ठळक अक्षरात सांगा.

अचूक अलार्मची परवानगी: इथे दोन रस्ते आहेत. 'शेड्यूल एक्झॅक्ट अलार्म' ही अँड्रॉइड १२ मध्ये आली. अँड्रॉइड १४ वर नव्याने टाकलेल्या आणि अँड्रॉइड १३ किंवा पुढची आवृत्ती टार्गेट करणाऱ्या (म्हणजे त्या आवृत्तीच्या नियमांसाठी बनवलेल्या) ॲपला ती आपोआप मिळत नाही. वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये नेऊन चालू करायला लावावी लागते. दुसरी 'यूज एक्झॅक्ट अलार्म', अँड्रॉइड १३ पासूनची. ती न विचारता मिळते, पण गूगल प्लेच्या नियमाप्रमाणे अलार्म, टायमर किंवा कॅलेंडर हेच ज्याचं मुख्य काम आहे अशाच ॲपला. तुमचं ॲप बियाणं विकण्याचं असेल आणि कोपऱ्यात एक टायमर असेल, तर पहिला रस्ता धरा.

सावध: पहिल्या रस्त्याची परवानगी वापरणारा कधीही काढून घेऊ शकतो. काढली की ॲप बंद होतं आणि लावलेले अचूक अलार्म रद्द होतात. म्हणून 'अचूक अलार्म लावता येतो का' हे एकदा विचारून लक्षात ठेवू नका. प्रत्येक टायमर लावताना नव्याने विचारा.

सेटिंगमध्ये पाठवताना आपल्या भाषेत कारण सांगा. 'ही परवानगी दिली तरच फोन झोपलेला असताना अलार्म वाजेल' एवढं एक वाक्य पुरतं. नानांसारखा माणूस अनोळखी पडद्यावर गेला की मागे फिरतो. हे वाक्य घातल्यावर माझ्याकडचे बरेचसे तक्रारीचे फोन थांबले.

## पायरी ३: योग्य अलार्म निवडा

अँड्रॉइड ६ पासून डोझ नावाची झोप आहे. फोन चार्जरला नाही, हलत नाही आणि स्क्रीन बंद आहे, असं काही वेळ राहिलं की डोझ सुरू होते. बाजेवर उशाशी ठेवलेला फोन तिन्ही अटी तंतोतंत पूर्ण करतो. मग साधे अलार्म पुढे ढकलले जातात.

तुमच्यासमोर हे पर्याय असतात:

वर्कमॅनेजर (मागची कामं सवडीने चालवणारी सोय) टायमरसाठी नाही. त्याचं ठरावीक अंतराने चालणारं काम १५ मिनिटांच्या आत येत नाही, आणि १५ मिनिटांनीही नेमकं येईल याची हमी नाही. डेटा सिंक करायला वापरा.

साधा 'सेट' अँड्रॉइड ४.४ पासून अचूक नाही. 'सेट-एक्झॅक्ट' अचूक आहे, पण डोझमध्ये तोही अडकतो.

'सेट-एक्झॅक्ट-अँड-अलाऊ-व्हाइल-आयडल' डोझमध्ये वाजतो, मात्र एका ॲपसाठी ९ मिनिटांत एकदाच. ही अट वाचून न वाचल्यासारखी केली जाते. आता खत सोडण्याचा क्रम बघा: आधी साधं पाणी, मग व्हेंच्युरीतून (खत पाण्यात ओढणारं साधन) खत, मग लॅटरल (ठिबकच्या बारीक नळ्या) धुवायला पुन्हा साधं पाणी. त्यातला एखादा टप्पा पाच-सात मिनिटांचा असला की दुसरा अलार्म उशिरा येतो. दिवसा तपासताना हे दिसत नाही, कारण तेव्हा फोन हातात असतो.

आपल्याला हवा तो 'सेट-अलार्म-क्लॉक'. वापरणाऱ्याला दिसणारा, त्याने स्वतः मागितलेला अलार्म म्हणून सिस्टिम याला मान देते आणि वेळेच्या थोडं आधी डोझमधून बाहेर येते. वर स्टेटस बारमध्ये घड्याळाचं चिन्हही येतं. काही जणांना ते चिन्ह नको असतं. मला ते हवंच वाटतं: अलार्म लागला आहे हे माणसाला ॲप न उघडता कळतं.

पेंडिंग इंटेंट (अलार्म वाजल्यावर काय चालवायचं ते सांगणारी, सिस्टिमकडे दिलेली चिठ्ठी) बनवताना प्रत्येक व्हॉल्वला वेगळा रिक्वेस्ट कोड (ओळख क्रमांक) द्या. सगळ्यांना शून्य दिला की नवा अलार्म जुन्याची जागा घेतो आणि फक्त शेवटचा वाजतो. अँड्रॉइड १२ किंवा पुढची आवृत्ती टार्गेट केली असेल तर बदलता येणारा की न येणारा, हेही सांगावं लागतं. इथे न बदलणारा ठेवा.

तपासा: संगणकावरून 'एडीबी शेल डम्पसिस अलार्म' चालवा (एडीबी म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) आणि यादीत आपलं ॲप शोधा. जितके टायमर लावले तितक्याच नोंदी दिसल्या पाहिजेत.

## पायरी ४: नोटिफिकेशनमधला उलटा आकडा

आकडा सरकताना दिसावा म्हणून दर सेकंदाला नोटिफिकेशन नव्याने पाठवणारे ॲप मी पाहिले आहेत. त्यासाठी प्रोसेस जागी ठेवावी लागते, म्हणून सर्व्हिस, म्हणून वेकलॉक (फोनला झोपू न देणारं कुलूप), आणि सकाळपर्यंत बॅटरी रिकामी. हे सगळं अनावश्यक आहे.

नोटिफिकेशनमध्ये क्रोनोमीटर चालू करा, त्याला उलटं मोजायला सांगा (अँड्रॉइड ७ पासून सोय आहे) आणि 'व्हेन' मध्ये संपायची वेळ द्या. आकडा सिस्टिम स्वतः काढते. तुमचं ॲप मेमरीतून गेलं तरी आकडा सरकत राहतो.

दोन खबरदाऱ्या. वेळ संपल्यावर हा क्रोनोमीटर थांबत नाही, उणे आकडे दाखवत पुढे जातो. म्हणून अलार्म वाजताच ते नोटिफिकेशन बदलून टाका. आणि अँड्रॉइड १४ पासून 'चालू' प्रकारचं नोटिफिकेशनही वापरणारा सरकवून काढू शकतो. नोटिफिकेशन गेलं म्हणजे टायमर गेला, असं कोडमध्ये कुठेही धरू नका.

## पायरी ५: ॲप उघडं असताना पडद्यावरचा आकडा

इथे घड्याळ चालवायला हरकत नाही, कारण ते फक्त दाखवण्यासाठी आहे. पडदा दिसू लागला की सुरू, दिसेनासा झाला की बंद. प्रत्येक ठोक्याला साठवलेल्या वेळेतून वजाबाकी.

सेकंद वर पूर्णांकित करा. खाली केले तर शेवटचा जवळजवळ एक सेकंद ००:०० दिसत राहतं आणि अलार्म उशिरा वाजल्यासारखा वाटतो. पुढचा ठोकाही 'एक सेकंदाने' न लावता, चालू सेकंद संपायला जितके मिलिसेकंद उरलेत तितक्यांनी लावा. नाहीतर थोडा थोडा उशीर साचतो आणि मधूनच आकडा दोनाने उडी मारतो.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्हमध्ये काम करणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. डार्टचा टायमर आणि जावास्क्रिप्टचा सेट-इंटरव्हल फक्त या पायरीपुरते आहेत. ॲप मागे गेल्यावर त्यांच्याकडून अपेक्षा नको. पायरी ३ चं काम प्लगइनमार्फत सिस्टिमच्या अलार्मकडेच द्या.

## पायरी ६: वाजायचा क्षण

अलार्म आला की रिसीव्हर (सिस्टिमचे संदेश ऐकणारा ॲपचा भाग) चालतो. त्याचं काम चालू असेपर्यंतच सिस्टिम प्रोसेसर जागा ठेवते, नंतर फोन परत झोपू शकतो. म्हणून रिसीव्हरमध्ये डेटाबेसची लांबलचक कामं घालू नका. तिथे फोरग्राउंड सर्व्हिस सुरू करा आणि आवाज तिच्यातून वाजवा. अँड्रॉइड १२ पासून मागे असलेल्या ॲपला अशी सर्व्हिस सुरू करायला बंदी आहे, पण वापरणाऱ्याने मागितलेल्या अचूक अलार्मला सूट आहे. अँड्रॉइड १४ साठी सर्व्हिसचा प्रकारही जाहीर करावा लागतो; अचूक अलार्मची परवानगी असलेल्या ॲपला वाजण्यासाठी 'सिस्टिम एक्झेम्प्टेड' हा प्रकार चालतो.

आवाजाचा वापर 'अलार्म' म्हणून नोंदवा. न नोंदवल्यास तो मीडियाच्या आवाजावर जातो, आणि रात्री कीर्तन ऐकून झोपताना माणसाने तो शून्यावर आणलेला असतो.

नोटिफिकेशन चॅनेल (एका प्रकारच्या नोटिफिकेशनचा आवाज आणि महत्त्व ठरवणारा गट) पहिल्यांदाच नीट बनवा. एकदा बनवल्यावर त्याचा आवाज कोडमधून बदलता येत नाही आणि महत्त्व वाढवता येत नाही. चाचणी करताना शांत चॅनेल बनवलं आणि मग कोड दुरुस्त केला, तरी त्या फोनवर ते शांतच राहतं. नवीन आयडीचं चॅनेल काढावं लागतं.

मजकुरात काम लिहा. 'टायमर संपला' नको. 'प्लॉट २ उघडा, मग प्लॉट १ बंद करा' असं हवं. झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करायला लावू नये.

## पायरी ७: रीबूट, बदललेली वेळ आणि हुकलेले अलार्म

फोन बंद होऊन चालू झाला की सगळे अलार्म पुसले जातात. बूट पूर्ण झाल्याचा संदेश ऐकणारा रिसीव्हर ठेवा आणि साठवलेल्या नोंदींवरून अलार्म पुन्हा लावा. वेळ बदलल्याचा आणि टाइम झोन बदलल्याचा संदेशही ऐका. सेट-अलार्म-क्लॉक भिंतीच्या घड्याळावर चालतो. कोणी फोनची वेळ अर्धा तास पुढे केली तर ९० मिनिटांचा टायमर ६० मिनिटांतच वाजेल. अशा वेळी इलॅप्स्डवरून खरी बाकी वेळ काढून अलार्म नव्याने लावायचा.

बॅटरी संपून फोन बंद पडला आणि दरम्यान वेळ उलटून गेली, तर चालू झाल्यावर नेहमीसारखा अलार्म वाजवू नका. माणूस समजेल की आत्ताच वेळ झाली. '२:४० ला संपला, ५० मिनिटं उलटली' असं दाखवा. किती जास्त पाणी गेलं, पुढच्या प्लॉटला किती द्यायचं, हे तो स्वतः ठरवेल.

सावध: सेटिंगमधून ॲप 'फोर्स स्टॉप' केलं तर अलार्म जातात आणि वापरणारा ॲप उघडेपर्यंत बूटचा संदेशही येत नाही. यावर कोडमध्ये उपाय नाही. ॲप उघडताच सगळे टायमर तपासून पुन्हा लावणं एवढंच हातात आहे.

## पायरी ८: फोनची स्वतःची बॅटरी बचत

काही फोनवर यादीतून ॲप सरकवलं की तो फोर्स स्टॉपच धरला जातो. काहींवर 'ऑटोस्टार्ट' बंद असेल तर रीबूटनंतर रिसीव्हर चालतच नाही. प्रत्येक मॉडेलमध्ये सेटिंगची जागा वेगळी, म्हणून ॲपमध्ये चित्रांसह एक छोटं पान ठेवा, आणि टायमर हुकल्याचं ॲपला स्वतःला कळलं तेव्हाच ते पुढे आणा. पहिल्याच दिवशी पाच सेटिंग्ज बदलायला सांगितल्या तर लोक ॲप काढून टाकतात.

## पायरी ९: आयफोन असेल तर

ॲप मागे गेलं की थोड्या वेळात गोठवलं जातं, त्यामुळे तिथेही संपायची वेळ साठवणं आलंच. वाजण्यासाठी लोकल नोटिफिकेशन सुरुवातीलाच लावून ठेवा. एका ॲपची जास्तीत जास्त ६४ नोटिफिकेशन रांगेत राहतात आणि स्वतःचा आवाज ३० सेकंदांपेक्षा मोठा चालत नाही. मोठा दिला तर साधा आवाज वाजतो. लॉक स्क्रीनवर उलटा आकडा हवा असेल तर आयओएस १६.१ पासून लाइव्ह ॲक्टिव्हिटी आहे, आणि आयओएस २६ मध्ये सायलेंट मोड भेदून वाजणाऱ्या अलार्मसाठी अलार्मकिट आलं आहे. ॲप जागं ठेवायला मागे निःशब्द ऑडिओ वाजवत ठेवू नका; तपासणीत ॲप नाकारलं जातं.

## पायरी १०: खरी तपासणी

सगळ्यात जास्त फसवणारी चूक इथे आहे. फोन केबलने लॅपटॉपला जोडलेला असतो, म्हणजे तो चार्ज होत असतो, म्हणजे डोझ येतच नाही. त्या टेबलावर कोणताही टायमर पास होतो.

केबल ठेवूनच तपासायचं असेल तर 'एडीबी शेल डम्पसिस बॅटरी अनप्लग' देऊन फोनला केबल नाही असं भासवा, स्क्रीन बंद करा, मग 'एडीबी शेल डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल' देऊन डोझमध्ये घाला. पाच मिनिटांच्या अंतराने तीन टायमर लावून ठेवा; ९ मिनिटांची अडचण असेल तर इथेच उघडी पडते. झाल्यावर 'डिव्हाइसआयडल अनफोर्स' आणि 'बॅटरी रीसेट' विसरू नका, नाहीतर फोन पुढे विचित्र वागतो आणि दोष कोडमध्ये शोधत बसता.

नंतर केबल काढून एक पूर्ण रात्र. त्या रात्रीत किमान हे करा: एक लांबचा टायमर, दोन जवळजवळचे, मध्ये एकदा फोन बंद-चालू, एकदा वेळ हाताने पुढे करून परत. प्रत्येक अलार्म ठरलेली वेळ आणि खरी वाजलेली वेळ एका फाईलमध्ये लिहील असं करून ठेवा. सकाळी ती फाईल उघडायची आणि दोन रकान्यांतला फरक बघायचा.

दुरुस्त केलेली आवृत्ती मी नानांकडे घेऊन गेलो तेव्हा फोन त्याच बाजेवर, त्याच जागी ठेवून दिला आणि आम्ही दोघं शेडमध्येच झोपलो. पहिला व्हॉल्व साडेबाराला बदलायचा होता. बारा एकोणतीसला मी जागाच होतो. साडेबाराला वाजला. नाना उठले, बॅटरी घेतली आणि दोन नंबरचा व्हॉल्व उघडायला निघाले.